दोन फुटी टाकीत कोण कोणाबरोबर नांदतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याच्या सुट्टीत पुण्यातल्या बऱ्याच घरांत पहिली माशांची टाकी येते. मुलांचा हट्ट असतो, हॉलमध्ये एक कोपरा रिकामा असतो आणि दुकानात झाकण, दिवा, पंप यांसकट दोन फुटी तयार टाकी मिळते. मासेही त्याच फेरीत घेतले जातात: दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, एक ‘शार्क’ आणि काच साफ ठेवायला एक सकर. पंधरा दिवसांत निम्मे मासे जातात. मग घरात कोणीतरी म्हणते, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’, आणि टाकी माळ्यावर चढते. लाभण्याचा यात काही संबंध नाही. या पाच जाती एका टाकीत नांदूच शकत नाहीत आणि हे पैसे देण्याआधी पाच मिनिटांत समजू शकते. गोड्या पाण्यातले मासे सांभाळणारे आम्ही काही वाचक ते इथे तपशिलाने लिहीत आहोत.

आधी त्या पिशवीतलेच मासे पाहू. गोल्डफिशला १८ ते २२ अंशांचे थंड पाणी मानवते, निऑनला २४ ते २६ अंशांचे. एकाची सोय केली की दुसऱ्याचे हाल होतात. शिवाय गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले भराभर पुढे सरकते आणि पाणी लवकर खराब होते. एंजल दुकानात रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. वर्षभरात तो परांसकट हाताच्या पंजाएवढा उंच होतो आणि दीड इंची निऑन त्याच्या तोंडात मावू लागला की सकाळी मोजताना रोज एक कमी भरतो. ‘शार्क’ म्हणून जो चंदेरी, सारखा येरझाऱ्या घालणारा मासा देतात तो पंगेशियस. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येणाऱ्या माशाच्या जातकुळीतला. तो मोठ्या नदीचा मासा आहे, वाढून तीन-साडेतीन फुटांचा होतो, आणि तोवर दचकला की काचेवर नाक आपटून घेतो. सकर दीड फुटांपर्यंत जातो. तो शेवाळ खातो हे लहानपणापुरते खरे. मोठा झाला की शेवाळापेक्षा इतरांचे दाणे त्याला जास्त आवडतात, आणि तो जेवढे साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो.

टाकीचे गणितही एकदा मांडून पाहावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर. खाली दीड-दोन इंच वाळू आणि वर दीड इंच रिकामी जागा सोडली की हाताशी ४५ लिटर राहतात. म्हणजे घरातल्या मोठ्या बादल्या दोन-अडीच. एवढ्या पाण्यात कोणाला घालायचे हे त्याच्या आजच्या लांबीवर नव्हे, पूर्ण वाढीच्या लांबीवर ठरवायला हवे.

याच गणितात एक नाजूक विषय येतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. श्रद्धेबद्दल आम्हाला काहीच म्हणायचे नाही. पण पंखा शेपटीचा गोल्डफिश सहा इंचांपर्यंत वाढतो आणि त्याला प्रत्येकी ३५ ते ४० लिटर पाणी लागते. नऊ माशांना ३१५ ते ३६० लिटर हवे, म्हणजे चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी आणि तिला तेवढाच ताकदीचा फिल्टर. दोन फुटी टाकीत हे नऊ जण आपल्याच अमोनियात गुदमरतात, आणि शुभ म्हणून आणलेल्या टाकीतून दर आठवड्याला एक मेलेला मासा काढावा लागतो. संख्या आणि रंग दोन्ही सांभाळायचे असतील तर आठ तांबडे-केशरी प्लेटी आणि एक काळा प्लेटी घ्यावा. हा मासा दोन इंचांवर थांबतो. नऊही नर घ्यावेत, नाहीतर तीन महिन्यांत नऊचे साठ होतील. नर ओळखणे सोपे आहे: पोटाखालचा मागचा पर मादीला पंख्यासारखा त्रिकोणी असतो, नराला तो काडीसारखा बारीक आणि मागे वळलेला असतो. दुकानदाराला मासा जाळीत नव्हे, पारदर्शक डब्यात काढून दाखवायला सांगावे. बाजूने एका नजरेत कळते.

आता पाणी. पुण्यात याच बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते, कारण एकाच शहरात दोन तऱ्हांचे पाणी नळाला येते. पेठांत, कोथरूडला, सहकारनगरला मुख्यतः खडकवासल्याचे धरणाचे पाणी. ते तुलनेने मऊ. वाघोली, उंड्री, वाकड, हिंजवडीकडच्या अनेक सोसायट्यांत बोअर किंवा टँकर, ते जड. आपले कोणते हे न्हाणीघरात कळते. बादलीच्या काठावर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर साचत असेल, साबणाला फेस येत नसेल, गीझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागत असेल तर पाणी जड. हा जडपणा (कडकपणा) मोजायचे थेंबांचे किट मिळते, ते सर्वांत खात्रीचे. टीडीएस मीटरने अंदाज येतो, पण तो मीटर पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो. कडकपणा वेगळा दाखवत नाही आणि अमोनियाबद्दल तर काहीच सांगत नाही. ‘टीडीएस चांगला आहे, मग मासे का मेले?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. गप्पी, प्लेटी, मॉली, स्वोर्डटेल ही पिल्ले देणारी मंडळी जड पाण्यातच खुलतात. मॉलीला मऊ पाण्यात ठेवले तर ती पर मिटून जागच्या जागी डोलत राहते. लोक औषधे ओततात, पण तिला हवे असतात क्षार. उलट निऑन, कार्डिनल, रासबोरा हे मऊ पाण्याचे मासे. म्हणून वाघोलीतल्या घराने मॉली-प्लेटी आणि कोथरूडच्या घराने रासबोरा घेतले तर दोन्ही घरांना पाण्याशी झगडावे लागणार नाही. आपल्या नळाला येते त्या पाण्याचे मासे घ्यावेत, हा आमचा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात आणि दोन्ही नवशिक्याने टाळावेत. पहिला म्हणजे टाकीत आरओचे पाणी भरणे. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, त्यामुळे पाण्याचा आम्लपणा सावरून धरणारे काही राहत नाही आणि पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी तितके पाणी आम्ल) अचानक घसरतो. दुसरा म्हणजे सोसायटीच्या सॉफ्टनरचे पाणी. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, पण निऑनला हवे ते मऊ पाणी हे नव्हे आणि मॉलीला हवे ते क्षारही यात नाहीत. सॉफ्टनरच्या आधीच्या पाण्याची तोटी इमारतीत कुठे आहे हे प्लंबरला विचारून घ्यावे.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते कल्ले जाळते आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारते. बादलीत पाणी २४ तास उघडे ठेवून त्यात पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड सोडला तर ते उडून जाते. घाई असेल तर क्लोरीन मारणारे औषध बाटलीवरच्या प्रमाणात. पाणी बदलण्याचा वार ठरवताना गुरुवार-शुक्रवार टाळावेत. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद राहिले की शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने आणि अनेकदा गढूळ येते. रविवारी सकाळी बदलायचे, त्यासाठी शनिवारी बादली भरून ठेवायची, एवढी सवय पुरते. दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे दहा-अकरा लिटर.

तापमानाबद्दल थोडे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि खिडकीजवळच्या टाकीचे पाणी १८-१९ अंशांवर येते. रासबोरा, गुरामी, फायटर, टेट्रा यांना तेवढ्या गारठ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग धरतो; अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे दिसते. दोन फुटी टाकीला ५० वॉटचा हीटर पुरे, २५ वर लावून. पाणी बदलण्याच्या पंधरा मिनिटे आधी त्याचा प्लग काढावा. तापलेली नळी उघडी पडली की तडकते, आणि तडकलेल्या हीटरच्या पाण्यात हात घालणे जिवावर बेतू शकते. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण. पाणी ३१-३२ वर गेले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे वर येऊन तोंडे उघडतात. झाकण काढून वर जाळी घालावी आणि टेबल फॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्यावा. दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकू नये.

मग जोड्या कशा लावायच्या? आमच्या मते दोन फुटी टाकीचे तीन संसार नीट चालतात.

धरणाचे पाणी आणि हीटर असेल तर आठ हार्लेक्विन रासबोरा, सहा कोरीडोरास आणि एकच हनी गुरामी. रासबोरा पाण्याच्या मधल्या थरात, कोरी तळाशी, गुरामी वर. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. रासबोरा आठच का, दोन का नाही? हे थव्याचे मासे आहेत. दोन-तीनच ठेवले तर ते झाडामागे दडून राहतात, रंग फिका पडतो आणि खाणे सुटते. आठ असले की तेच मासे दिवसभर समोर फिरतात. कोरी मिशांनी तळ चाचपत खातो, म्हणून खाली बारीक, गुळगुळीत वाळू हवी. बाजारातली रंगीत, धारदार खडी घातली तर महिन्याभरात त्याच्या मिशा झिजून बुंधे उरतात आणि तिथे जंतू बसतात. कोरी ‘उरलेले खातो’ म्हणून आणू नये. त्याला बुडणारी गोळी वेगळी द्यावी, रात्री दिवा मालवल्यावर. गुरामीत ड्वार्फ गुरामी जास्त चमकदार दिसतो आणि तो आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पण पैदास केंद्रांतून येणाऱ्या ड्वार्फमध्ये एक विषाणूजन्य रोग फार आढळतो आणि त्यावर औषध नाही. नवशिक्याने हनी घ्यावा.

बोअरचे पाणी असेल तर सहा नर गप्पी आणि चार-पाच नर प्लेटी. माद्या हव्याच असतील तर एका नरामागे किमान दोन, शक्यतो तीन. नाहीतर नर मादीला दिवसभर पिटाळत राहतात आणि ती दमून मरते. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्ले देते आणि नराचे बीज पोटात साठवत असल्यामुळे नर काढून टाकल्यावरही काही महिने देत राहते. ती पिल्ले कोण घेणार हे आधी ठरवलेले बरे.

हीटर लावायचाच नसेल तर दहा झेब्रा डॅनिओ आणि सहा पेपर्ड कोरी. झेब्रा भारतातल्याच ओढ्यांचा मासा. पुण्याचा हिवाळा तो सहज काढतो, आणि मऊ-जड दोन्ही पाण्यांत राहतो. तो इतका चपळ आहे की फायटर किंवा लांब शेपटीच्या गप्पीबरोबर मात्र ठेवू नये. ते बिचारे दाण्यापर्यंत पोचतच नाहीत. टाकीला झाकण हवे, झेब्रा उडी मारतो.

फायटरचे वेगळे. एक नर, १५ ते २० लिटरची स्वतःची टाकी, हीटर आणि मंद फिल्टर. काचेच्या वाडग्यात तो जगत नाही, फक्त सावकाश मरतो. त्याच्यासोबत नर गप्पी घातला तर झुपकेदार रंगीत शेपटी पाहून त्याला तो दुसरा फायटरच वाटतो. गुरामी त्याचा भाऊबंद, त्यामुळे भांडण ठरलेले. टायगर बार्ब कोणत्याही लांब परांच्या माशाजवळ नको. परांचे तुकडे तोडतो, आणि तीन-चारच ठेवले तर आणखी बिथरतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट, आफ्रिकन सिक्लिड ही नावे पहिल्या टाकीसाठी विसरून जावीत. आणि गुलाबी, निळ्या, हिरव्या पट्ट्यांचे काचेसारखे पारदर्शक मासे कोणी दाखवले तर घेऊ नयेत. तो रंग सुईने आत भरलेला असतो. काही महिन्यांत तो उतरतो, त्याआधी बहुतेक मासा जातो.

जाती बरोबर निवडूनही मासे मरतात, ते टाकी कच्ची असते म्हणून. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरे थोडे असले तर चालते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत आणखी. तोवर पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि तरीही त्यात विष असते. इथे बोअरच्या पाणीवाल्यांनी जास्त जपावे: पीएच आठच्या पुढे गेला की तेवढाच अमोनिया कितीतरी पट घातक ठरतो.

म्हणून टाकी आधी आणावी, मासे नंतर. वाळू, झाडे, स्पंज फिल्टर लावून ती चालू करावी आणि मासे नसतानाच रोज चिमूटभर दाणे टाकावेत. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना खाद्य मिळेल. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंज ओला ठेवून आणून आपल्या फिल्टरमध्ये घालावा. काम पंधरा दिवसांवर येते. अमोनिया-नायट्राइट तपासायच्या किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडे नायट्रेट दिसले की टाकी तयार. मग पहिल्या खेपेला थव्याच्या जातीचे पाच-सहा, दहा दिवस थांबून उरलेले, आणखी दहा दिवसांनी तळाचे, गुरामी सर्वांत शेवटी. त्याला आधी घातले तर तो सगळी टाकी आपली समजतो. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळावा, नाहीतर क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवशी येते. ‘टाकी स्वच्छ धुतली आणि दुसऱ्याच दिवशी मासे मेले’ ही तक्रार त्यातलीच.

दुकानात मासा घेताना पाच मिनिटे नुसते पाहावे. पर मिटलेले, पोट खपाटीला गेलेले, कोपऱ्यात पृष्ठभागाला लागून असलेले मासे नकोत. त्याच टाकीत एक मेलेला दिसला तर बाकीचेही नकोत, कितीही स्वस्त असले तरी. माल कधी आला ते विचारावे; आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्यावा. समोर चार दाणे टाकायला सांगावेत, धावून येणारा मासा निवडावा. घरी पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचे पाणी पिशवीत, असे अर्धा तास. शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे. दुकानातले जंतू त्याच पाण्यात असतात. दाणे दोन मिनिटांत संपतील तेवढेच, दिवसातून एकदा-दोनदा. घरातले चौघे जण प्रेमाने चार वेळा घालतात, तिथे कोणताही फिल्टर हरतो.

नकोसा झालेला मासा पाषाण किंवा कात्रजच्या तलावात, मुठेत सोडणे म्हणजे पुण्य नव्हे. सकर मासा देशातल्या अनेक जलाशयांत असाच पोचला. तो काठात बिळे करतो, कोळ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नाही. दुकानात परत द्यावा, किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला.

आमची शहरातल्या मासे विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक टाकीवर भावाची पट्टी असतेच; तिच्याखाली आणखी एक ओळ लिहावी. ‘रासबोरा: पूर्ण वाढ २ इंच, किमान ८, मऊ पाणी, एंजलबरोबर नको.’ ‘मॉली: ३ ते ४ इंच, जड पाणी, एका नरामागे दोन माद्या.’ ‘सकर: दीड फूट, दोन फुटी टाकीसाठी नाही.’ मराठीत, ठळक अक्षरांत, मुलाला वाचता येईल अशा उंचीवर. त्या दिवशी कदाचित दोन मासे कमी खपतील, पण ते गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात दाणे, झाडे आणि उरलेला थवा घ्यायला त्याच दुकानात येईल.

आपले,
मासे पाळणारे काही वाचक, पुणे